सोलला जाताना फोनमध्ये कोणता नकाशा घ्याल?

समजा, तुमचा पेपर सोलमधल्या एका कॉन्फरन्ससाठी निवडला गेलाय. व्हिसा आलाय, तिकीट काढून झालंय. आता फोनमध्ये कोणती अ‍ॅप्स घ्यायची? बहुतेक जण 'टॉप टेन ट्रॅव्हल अ‍ॅप्स'ची यादी शोधतात. मी म्हणेन, यादी नंतर बघा, आधी थोडा इतिहास बघू. कोणतं अ‍ॅप कुठे चालतं याचं उत्तर बऱ्याचदा त्या देशाच्या इतिहासात असतं.

सुरुवात नकाशावरच्या निळ्या ठिपक्यापासून करू. १ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि साखालीन बेटाजवळ पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की, जीपीएस तयार झाल्यावर नागरी विमानांनाही ते वापरता येईल.

इथे एक मिनिट थांबा. 'या अपघातामुळे जीपीएस सामान्य लोकांना मिळालं' असं तुम्ही अनेक ठिकाणी वाचाल. ते अर्धसत्य आहे. नागरी वापराचा सिग्नल मूळ आराखड्यात आधीपासून होताच. या घटनेने त्याचं जाहीर वचन झालं, इतकंच. 'यानंतर' आणि 'यामुळे' यातला फरक संशोधनात पदोपदी भेटतो, म्हणून आत्ताच सवय लावून घ्या. पुढेही नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जात होती. ती मे २००० मध्ये बंद झाली, तेव्हा कुठे सुमारे शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली.

आता गंमत बघा. ठिपका तर मिळाला, पण तो ठेवायचा कोणत्या नकाशावर? कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं ते युद्धविरामाने. शांतता करार झालाच नाही. त्यामुळे दक्षिण कोरियात तपशीलवार नकाशा ही सुरक्षेची बाब मानली जाते आणि असा डेटा देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. गूगलने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये १:५००० प्रमाणाचा डेटा मागितला, पण परवानगी मिळाली नाही. म्हणून जगभर चालणाऱ्या त्या नकाशावर सोलमध्ये वर्षानुवर्षं चालत जायचा रस्ता दिसत नव्हता. ती जागा नेव्हर मॅप आणि काकाओमॅप या देशी अ‍ॅप्सनी भरून काढली.

पत्त्यांचीही अशीच कथा आहे. जपानी राजवटीत १९१० च्या दशकात जमिनीची मोजणी झाली आणि पत्ते भूखंडाच्या क्रमांकांवर बेतले गेले. भूखंडांचे तुकडे पडत गेले तसे शेजारच्या दोन घरांचे क्रमांक सलग राहिले नाहीत. रस्त्याच्या नावावर आधारलेला पत्ता अधिकृत म्हणून पूर्णपणे लागू झाला तो २०१४ पासून. आजही एकाच इमारतीचे दोन पत्ते तुमच्यासमोर येऊ शकतात. तेव्हा घाबरू नका, दोन्ही खरे असतात.

मग करायचं काय? निघण्याआधी नेव्हर किंवा काकाओ यांपैकी एक नकाशा टाका आणि इथूनच वापरून बघा. हॉटेल आणि कॉन्फरन्स हॉलचा पत्ता हंगुल लिपीत कॉपी करून ठेवा. रोमन लिपीत एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंग्ज सापडतात आणि शोध फसतो. भाषांतरासाठी पापागो घ्या. पत्त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि एका कागदावरही लिहा, कारण बॅटरी संपली की सगळी अ‍ॅप्स सारखीच. आणि नियम बदलत असतात, म्हणून जायच्या आठवड्यात सद्यस्थिती एकदा तपासा.

दुसऱ्या देशात जाणार असाल तर ही यादी तशीच उचलू नका, प्रश्न मात्र हेच विचारा. हा नकाशा कोणी बनवला? कोणत्या कायद्याखाली? त्यात काय दाखवलेलं नाही, आणि का? उद्या तुमच्या हातात एखादा डेटासेट येईल तेव्हाही पहिले प्रश्न हेच असतील. नकाशात एखादी जागा कोरी दिसली, तर तिथे काहीच नाही असं समजू नका. ती कोरी का राहिली, ते शोधा.