जनावराला चार पाय

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, पैशाला ढिले आणि कुरणाला कडक. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या खालच्या अंगाला आमची जमीन. घोड नदीकडची पट्टी काळी, वरचा तुकडा मुरमाड माळ. काळीत मालदांडी ज्वारी, माळावर गवत. मृगाचा पाऊस पडून माळावर हिरवं लव दिसू लागलं की गावाची गुरं गायरानाकडे सुटायची. आमच्या माळावर मात्र पोळ्यापर्यंत जनावर सोडायचं नाही, असा आप्पांचा हुकूम होता. आमच्याकडचा पोळा भाद्रपद अमावास्येचा. म्हणजे दावणीची गुरं तीन-साडेतीन महिने समोरचं हिरवं गवत बघत सरमाड चघळायची. बाई, म्हणजे आजी, म्हणायची, "आरं, त्यांस्नी तोंड हाय, उगं दावू नका."

यात कंजूषपणा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. कोवळं गवत जनावर खुडत नाही, ओरबाडतं. मूळ अजून जमिनीला धरलेलं नसतं, मग ठोंबच वर येतो. असं दोन-चार पावसाळे झालं की आधी पवन्या जातो, मग मारवेल जातो, आणि त्यांच्या जागेवर कुसळी बसते. कुसळीही कोवळी असताना गुरं खातात. पण एकदा तिला तुरा येऊन कुसळं वाळली की ती मेंढरांच्या लोकरीत आणि गुरांच्या हिरड्यांत रुततात. गायरानावर कुसळी आणि तरवड, बांधापलीकडे आमच्या माळावर गुडघाभर पवन्या, हा फरक मी लहानपणी रोज बघत होतो. त्याचं कारण विचारावं असं वाटलं नाही. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. तेवढ्यावर झाड जोमाने येत नाही, पण गवत येतं, राखलं तर.

गवत फुलोऱ्यावर आलं की विळे लागायचे. फुलोऱ्यातल्या गवताला कस असतो, बी झडलं की नुसती काडी उरते. तरी आप्पा सगळा माळ कापू देत नसत. उताराला आडवे पट्टे उभेच ठेवायचे, त्यांचं बी खाली पडेपर्यंत. कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधून गंजी घरामागे रचायची, वर उतरत्या थराने सरमाड, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी निथळून जातं. गंजी रचणारा माणूस गावात एखाददुसराच. त्याला आधी जेवायला वाढायचं, मजुरीचं नंतर बोलायचं.

आप्पांच्या तोंडून ऐकलेलं सगळं खरं असेल असं नाही, पण पुष्कळसं इतिहासाशी जुळतं. त्यांच्या आज्याने म्हणे शिरूरच्या लायनीत गवताचे भारे विकले. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, कंपनी सरकारची छावणी होती आणि पूना हॉर्स हे घोडदळ तिथे असे. तिथेच कर्नल वॉलेसची समाधी आहे. १८०९ साली वारलेल्या या साहेबाला लोक सत्पुरुष मानत, सुगीचं पहिलं धान्य तिथे ठेवायची रीत होती. पलीकडे आलेगाव पागेला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीने घोड्यांची पैदास करायला स्टड काढला. घोडे या बाजूला उगाच आले नाहीत. भीमथडीची तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली, आणि भीमा-घोडेच्या थडीचं गवत खाऊनच ती वाढली होती. आता एवढ्यात भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. आप्पा असते तर म्हणाले असते, घोडा नोंदवला, गवत कुणी नोंदवायचं? कारण आमच्या माळासारख्या जमिनीला कागदोपत्री एकच नाव असतं, पडीक.

याहून जुनी गोष्ट नदीकाठीच निघाली. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती, आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथे मजुरीला जात. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथे सापडलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली, तिच्यात मातीचीच बिनडोक्याची बाई, आणि सोबत एक बैल. बैलाच्या पाठीला भोकं, बाईच्या पोटाला भोक; काडी घातली की ती बैलावर बसते. एका रांजणावर तर बैलगाडीचं चित्र आहे. पुढे, इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला पाऊसमान बिघडलं, गहू कमी झाला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडे वळले, असं संशोधकांचं अनुमान. वडिलांनी हे पेपरातून आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "पाऊस गेला की मानूस मेंढरामागं जातो. त्याला एवढं खोदायचं काय?"

बाई दौंड तालुक्यातली, केडगावच्या बाजूची. तिच्या माहेरच्या गोष्टींत नदीपेक्षा रेल्वे जास्त. पुण्याहून भीमेपर्यंत, दिकसाळला, गाडी १८५८ साली पोचली, दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली झाला. केडगाव स्टेशनजवळ पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. १८९७च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना गोळा करून आणलं आणि विहिरी, शेती, गुरंढोरं, छापखाना असं सगळं त्या मुलींच्या हातांवर उभं केलं. बाईची आजी तिथल्या बायकांना धारा काढताना बघायला जायची. धार काढणं यात बघण्यासारखं काय, हे विचारल्यावर बाई म्हणाली, "बाया गाणं म्हनत धार काढायच्या, दूध मोजून लिवायच्या. आमच्यात कोन लिवतंय?"

१९७२चा दुष्काळ मात्र बाईने स्वतः भोगला. त्या वर्षी आमच्या राखलेल्या माळावरही पेंढी बांधावी एवढं गवत आलं नाही. ज्वारीच गेली तर कडबा कुठला? घरातली बैलजोडी आप्पांनी चाकणच्या बाजारात विकायला काढली आणि मिळालेला भाव कधीच कुणाला सांगितला नाही. बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना उसाचं वाढं मिळेल तेवढं डोक्यावर आणायची. सरकारी छावण्यांतूनही वाढंच वाटत. नुसत्या वाढ्यावर गुरं जगतात, पण काही महिन्यांत खंगतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकतं. बाईला ऑक्झलेट ठाऊक नव्हतं. ती विड्याच्या चुन्याची निवळी करून पाण्याच्या घमेल्यात ओतायची. जनावरांचे डॉक्टर आज तेच सांगतात. हे तिला कुणी शिकवलं, हे विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर आमच्या गोठ्याचं रूप बदललं. केडगावहून पुण्याकडे जाताना यवतच्या पुढे उरुळी कांचन लागतं. १९४६ साली गांधीजी तिथे आले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तो चालवायला मणिभाई देसाई मागे राहिले आणि १९६७ साली त्यांनी बाएफ ही संस्था काढली. गोठवलेलं वीर्य आणि दारात येऊन कृत्रिम रेतन करणारा माणूस, हे या भागाला पहिल्यांदा तिथून मिळालं. बाईच्या माहेरी झालेली होल्स्टीनची पहिली कालवड बघायला आप्पा मुद्दाम गेले आणि हिरमुसून परत आले. "वशिंडच नाही. जू ठेवायचं कुठं?" खिल्लाराच्या माणसाचा प्रश्न बिनतोड होता. गाय म्हणजे बैलाची आई, दूध हा वरचा लाभ, असा त्यांचा हिशोब. पण पुढे तशीच संकरित कालवड आमच्या गोठ्यात व्याली आणि घरची खिल्लार वासराला पाजून जेमतेम दोन लिटर देई तिथे एका वेळेला बादली भरू लागली. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल हातात पडू लागलं. माझं आणि बहिणीचं शिक्षण त्या बिलावर झालं आहे, तेव्हा मी संकरित गाईला नावं ठेवणार नाही.

पण एक गोष्ट बदलली आणि तिचा हिशोब घरात कुणीच मांडला नाही. खिल्लार गाय गवताकडे चालत जायची. तिच्यामागे गावकीचा गुराखी किंवा घरचं पोर, खिशात भाकरी-चटणी. संकरित गाय ऊन सोसत नाही, दगडात चालत नाही, चालली तर दूध आटतं. ती गव्हाणीला उभी. तिला दिवसाला पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण लागते, पाच-सहा किलो वाळली, आणि प्यायला सत्तर-ऐंशी लिटर पाणी. आप्पा म्हणायचे, जनावराला चार पाय दिलेत ते गवताकडं जायला. आता गवतानेच गाईकडे जायचं, आणि गवताला पाय नाहीत. ते बायकांच्या डोक्यावरून जातं. पूर्वी चारणं हे पुरुषाचं आणि पोरांचं काम होतं. वैरण कापणं, वाहणं, कुट्टी करणं, शेण काढणं हे आई-वहिनीच्या अंगावर कधी आलं, ते ठरवून झालं नाही. दूध डेअरीला घालायला आणि बिल आणायला मात्र भाऊ जातो.

माझ्या वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला कुट्टी यंत्राच्या आवाजाने सुरू होतो. चार गाई, दोन कालवडी. नेपियरचा भारा उजव्या हाताने रेटायचा, डावा हात मागे. या यंत्राने गावात किती बोटं घेतली ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती बांगड्या आधी काढून खुंटीला अडकवते. राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत हे नेपियरचं वाण तिने अर्ध्या एकरात लावलं आहे, दीड-दोन महिन्यांनी एक कापणी. उन्हाळ्यासाठी मुरघास. मका चिकात असताना कापायचा, बारीक कुट्टी करून पिशवीत पायाने तुडवून दाबायचा, हवा राहू द्यायची नाही, आणि दीड महिना तोंड उघडायचं नाही. पिशवी उघडल्यावर आंबूस गोड वास आला तर जमलं. काळपट बुरशी दिसली तर तो थर उकिरड्यावर. तुडवायला ती शाळेतून आलेल्या पोरांना घेते. पोरांना तो खेळ वाटतो, अजून तरी.

माळ कुणामुळे गेला? एकट्या उसामुळे गेला असं म्हणणं सोपं आहे. चिंचणीला घोड धरण झालं, दौंडला खडकवासल्याचा कालवा आला, न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा हे साखर कारखाने उभे राहिले. ज्याला पाणी मिळालं त्याने ऊस लावला, मीही लावला असता. रांजणगावची एमआयडीसी आल्यावर माळाच्या एकरांचे गुंठे झाले. उरलेल्या माळावर वनखात्याने पडीक जमीन सुधारायची म्हणून चर खणले आणि ग्लिरिसिडिया लावली, तिच्या सावलीत गवत उठत नाही. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. आता पुणे जिल्ह्यातच, इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला, लोकांना गवताळ माळ दाखवायला सफारी निघते. लांडगा आणि चिंकारा बघायला लोक पैसे भरतात.

लांडगा आमच्या माळावर नेहमीचा. दिवाळीनंतर धनगर वाट काढत यायचे, आप्पा त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलवायचे; रात्रभराच्या लेंड्या-मुताच्या बदल्यात धान्य. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असत, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. लांडग्याने कोकरू नेलं तरी म्हातारा धनगर शिव्या देत नसे, त्याचा वाटा त्याने नेला म्हणायचा. माणसावर लांडगा आल्याचं बाईच्या किंवा आप्पांच्या एकाही गोष्टीत नाही.

उसात लांडगा राहत नाही, बिबट्या राहतो. २०२५ साली तालुक्याच्या वरच्या अंगाला पिंपरखेड, जांबूतच्या बाजूला बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मूलही होतं. लोक महामार्गावर बसले. त्या दिवसांत पिंपरखेडला शेतात जाणाऱ्या माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. धनगराच्या कुत्र्याचा पट्टा मी बायकांच्या गळ्यात बघितला आणि तो फोटो पुढे पाठवला नाही.

आमच्याकडे भावाने तसे दोन पट्टे बनवून आणले. वहिनीने एकदा गळ्याशी धरून पाहिला आणि पत्र्याच्या पेटीवर टाकला. वाकून गवत कापताना तो हनुवटीला टोचतो म्हणाली. ती आता शेजारणीला घेऊन जाते, मोबाइलवर मोठ्याने भजन लावते आणि नेपियर उसाला लागून लावला म्हणून भावाला बोलते. माळाचा तुकडा मोडून तिथे शेततळं आणि मका करायचा भावाचा विचार आहे; तिचा विरोध आहे. भाकड गाय आणि कालवडी माळावर चरल्या तर तेवढी वैरण कापायची वाचते, हा तिचा एक मुद्दा. दुसरा ती भावाला दर वेळी ऐकवते: माळावर उभं राहिलं की चारी बाजूंनी काय येतंय ते दिसतं, आणि तुम्हाला एवढी काळजी असेल तर पट्टे आणू नका, मोटारीला दिवसाची लाइट मिळेल तेवढं बघा.