कलगी, तुरा आणि उत्तराचे बंधन

मराठी वृत्तपत्रांत ‘कलगीतुरा’ हा शब्द आज विपुल आढळतो. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांवर दोषारोप केले की त्यांच्यात ‘कलगीतुरा रंगला’ असे छापले जाते. एका प्रतिष्ठित, नियमबद्ध आणि विद्वत्तेची कसोटी पाहणाऱ्या वाङ्मयप्रकाराचे नाव केवळ उणीदुणी काढण्याला लागावे, हा अर्थापकर्ष सामान्य नव्हे. या अपकर्षाचे कारण काय, आणि मूळ प्रकारात असे काय होते की जे आजच्या वादात उरले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उत्तर पेशवाईतील शाहिरी आणि अमेरिकेतील ‘हिप-हॉप’ ही दोन दूरची क्षेत्रे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पक्ष होत. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला, श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला. चंदेरीच्या राजाने तुकनगीर या गोसाव्याला तुरा आणि शाहअली या फकिराला कलगी दिली, अशी दंतकथा माळवा व राजस्थान या भागांत प्रचलित असून तेथेही ‘तुर्रा-कलंगी’ याच नावाने हे पक्ष ओळखले जातात. परंपरा कोठून कोठे गेली हा प्रश्न येथे सोडविण्याचे कारण नाही. परंतु मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तर व दक्षिण यांची जी देवघेव झाली, तिच्या संदर्भातच तिचा विचार करावा लागतो.

या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील ओझरचा परिसर लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा मार्ग नाशिक सोडल्यावर ओझर, पिंपळगाव, चांदवड असा माळव्याकडे जातो. चांदवडचा रंगमहाल होळकरांच्या त्या वाटेवरील वावराची साक्ष देतो. शाहीर परशराम याच जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील वावीचा, आणि अनंत फंदी जवळच्याच संगमनेरचा. आज ओझरचे नाव विमानांच्या कारखान्यामुळे सर्वत्र झाले आहे; तथापि तेथील खंडेरावाची चंपाषष्ठीची यात्रा हे गावाचे जुने अंग आहे. अशा यात्रा हेच शाहिरांच्या आणि तमासगिरांच्या फडांचे खरे रंगपीठ होते. मोठा समुदाय, रात्रभराची सवड आणि समोर प्रतिस्पर्धी फड, एवढी सामग्री जमली म्हणजे सामना उभा राही.

सामन्याचे स्वरूप मात्र काटेकोर असे. एका पक्षाने ‘भेदिक’ रचनेतून कूट घालावयाचे. त्याचा विषय पुराणांतील एखादी आडवाटेची कथा, वेदान्तातील एखादी संज्ञा किंवा संख्यांचे कोडे असा असे. दुसऱ्या पक्षाने त्याची उकल करावयाची, तीही पद्यात, शक्य तर त्याच चालीत आणि यमकाच्या त्याच बांधणीत. आणि उकल करून झाल्यावर आपला उलट सवाल टाकावयाचा. उत्तर न सुचले तर हार मानावी लागे. सगनभाऊ आणि होनाजी बाळा यांच्या फडांतील चढाओढीच्या ज्या हकिकती परंपरेने सांगितल्या जातात, त्या या पद्धतीच्या लोकप्रियतेच्या निदर्शक आहेत. जातीने आणि धर्माने भिन्न असलेले हे कवी एकाच शास्त्राच्या अंकित होते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. या सामन्यांत शिवीगाळ व ग्राम्यता नव्हती असे मुळीच नाही. परंतु केवळ शिवी दिल्याने सवाल सुटत नसे.

येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. सामान्य भांडणात मनुष्य प्रतिपक्षाचे बोलणे ऐकल्यावाचून स्वतःचे म्हणणे पुढे रेटू शकतो. सवाल-जवाबात ते शक्य नसते. ज्याला त्याच चालीत उत्तर द्यावयाचे, त्याला प्रतिपक्षाची ओळ अक्षरशः कानात साठवावी लागते. शत्रूची रचना आत्मसात केल्याखेरीज तिचा पराभव करता येत नाही, असा हा विलक्षण निर्बंध आहे. मी त्याला ‘उत्तराचे बंधन’ म्हणतो.

हेच बंधन अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत स्वतंत्रपणे निर्माण झालेले दिसते. विल्यम लबाव या भाषाशास्त्रज्ञाने हार्लेममधील मुलांच्या परस्परांना टोमणे मारण्याच्या खेळाचे नियम 1972 साली मांडले. त्याचा निष्कर्ष असा की, खेळातील निंदा उघड उघड असत्य असावी लागते. अशा निंदेला श्रोता दुसऱ्या, अधिक सरस निंदेने उत्तर देतो. परंतु निंदा खरी असू शकेल असे वाटताच तो तिचा इन्कार करू लागतो, आणि इन्कार सुरू झाला की खेळ संपतो. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेजविक मार्गावर कूल हर्क याने जो नाचाचा कार्यक्रम केला, त्यापासून हिप-हॉपचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. तालावर शब्दांची झड लावणाऱ्या या कलेत चढाओढ लवकरच शिरली. 1984 साली ‘यूटीएफओ’ या संचाच्या गाण्याला रोक्सॅन शांते या चौदा वर्षांच्या मुलीने त्याच संचाच्या वाद्यमेळावर जवाब दिला. आपल्याकडील ‘त्याच चालीत उत्तर’ हा दंडक याहून निराळा नाही.

या परंपरेची अलीकडील परिसीमा म्हणजे केंड्रिक लमार आणि ड्रेक यांचा सामना. 2024 च्या वसंतात दोघांनी एकमेकांवर एकामागून एक गाणी रचली. त्यांपैकी लमारचे ‘नॉट लाइक अस’ सर्वांत गाजले. 9 फेब्रुवारी 2025 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात त्याने ते सादर केले, तेव्हा दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांची संख्या तेरा कोटींहून अधिक सांगितली गेली. मात्र त्यापूर्वीच, जानेवारीत, ड्रेकने गाणे प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. गाण्यातील ज्या गंभीर आरोपावर दाव्याचा रोख होता, तो दर्शविणारा शब्द लमारने त्या रंगमंचावर उच्चारला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. अशा चढाओढीतील शब्द समंजस श्रोता वस्तुस्थितीचे कथन म्हणून घेणार नाही, असे त्याचे कारण होते. लबावच्या परिभाषेत बोलावयाचे तर एका पक्षाने इन्काराचा मार्ग धरला, आणि न्यायालयाने हा अद्याप खेळच आहे असा निर्वाळा दिला.

महाराष्ट्रातही ही कला रुजली आहे. मुंबईच्या एमिवे बंटायने 2018 साली रफ्तारशी केलेला गाण्यांचा झगडा, किंवा पुण्याच्या एमसी स्टॅनला लाभलेली लोकप्रियता, ही तिची उदाहरणे होत. तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फडावर दोन्ही पक्ष एकाच सभेसमोर उभे असत. सवाल सुटला की नाही हे जाणणारे श्रोते तेथेच बसलेले असत. ध्वनिमुद्रित गाण्यांच्या झगड्यात दोन्ही पक्षांचे चाहते बहुधा पृथक् असतात, आणि जयापजय श्रवणसंख्येवर ठरू लागतो. संख्या ही लोकप्रियतेची गमक खरी. पण उत्तर बरोबर होते की नाही, हे ती सांगू शकत नाही.

मूळ पद्धती मात्र अगदी लोपलेली नाही. कोकणात ‘शक्ती-तुरा’ या नावाने ती जाखडी नृत्याच्या साथीने आजही जिवंत आहे, आणि मुंबईतील कोकणी चाकरमान्यांनी तिला शहरातील नाट्यगृहांत आणले आहे. तिच्याकडे केवळ लोककला म्हणून पाहण्याऐवजी वादाचे एक शास्त्र म्हणून तिचा अभ्यास व्हावयास हवा. सामन्यांचे ध्वनिमुद्रण करून, सवालातील कोणता घटक जवाबात किती शिल्लक राहतो याची मोजदाद करणे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे.

तात्पर्य, ‘कलगीतुरा’ या शब्दाचा अर्थ घसरला याचा दोष वृत्तपत्रांना देण्यात हशील नाही. वाद उरले, पण प्रतिपक्षाची ओळ मुखोद्गत करण्याचे बंधन गेले. आणि मागे राहिलेल्या कलहाला लोकांनी जुनेच नाव दिले. कलगी आणि तुरा ही दोन्ही शिरोभूषणेच होत. दोघांनाही सन्मानाचे चिन्ह देऊन मगच त्यांना झुंजविणारी ही परंपरा होती, एवढे तरी हा शब्द वापरताना आपण विसरू नये.