सूर्यप्रकाश व त्वचेतील मुक्त मूलके
सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांमुळे त्वचेत निर्माण होणारे, अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले अतिविक्रियाशील अणू वा रेणू. त्यांच्या अभ्यासाचा इतिहास भौतिकी, रसायनशास्त्र व वैद्यक या तिन्हींत विभागलेला आहे.

योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये जंबुपार किरण शोधले. मोझेस गोमबर्ग यांनी १९०० मध्ये पहिले स्थिर कार्बनी मुक्त मूलक ओळखले. तथापि सजीवांत अशी मूलके असणे दीर्घकाळ असंभाव्य मानले जाई. इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन या तंत्राने बॅरी कॉमनर व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ती सजीवांच्या ऊतकांत दाखविली. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचा संबंध त्यांच्याशी जोडला. त्वचेवर जंबुपार किरण पडल्यावर मूलके निर्माण होतात, हे नॉरिन्स यांनी १९६२ मध्ये नोंदविले. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मधु पाठक व स्ट्रॅटन यांनी १९६८ मध्ये मानवी त्वचेतील प्रकाशापूर्वीच्या व प्रकाशानंतरच्या मूलकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड मूलकाचा नाश करणारे एंझाइम वर्णिले. शरीराला या मूलकांपासून संरक्षण लागते, हे त्यावरून सूचित झाले.

जंबुपार ‘ब’ किरण (२८०–३१५ नॅनोमीटर) मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जातात व डीएनएला थेट इजा करतात. ‘अ’ किरण (३१५–४०० नॅनोमीटर) अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. तेथील प्रकाशशोषक रेणू ती ऊर्जा शोषून ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतात. त्यातून सुपरऑक्साइड मूलक व पुढे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. त्यामुळे मेद, प्रथिने व डीएनए यांचे ऑक्सिडीभवन होते. कोलॅजेनाचा ऱ्हास होऊन सुरकुत्या पडतात आणि कर्करोगाचा संभव वाढतो. मेलॅनीन हे रंजकद्रव्य तसेच क व ई जीवनसत्त्वे अंशतः संरक्षण देतात.

परभणी जिल्हा सु. १९° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे मेच्या मध्यास व जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो. शेतमजुरांचा दिवस उघड्यावर जातो. उष्णता व जंबुपार किरण या भिन्न गोष्टी असल्याने हिवाळ्यातील कापूस वेचणीच्या वेळी ऊन सौम्य वाटले, तरी ‘अ’ किरणांचा मारा चालूच असतो. सावळ्या त्वचेस अधिक संरक्षण असले, तरी ते पूर्ण नसते. कोड असलेल्या भागात तर ते जवळजवळ नसतेच. डोक्यावरचा पदर, रुमाल, पूर्ण बाह्यांचे कपडे व भर दुपारी सावलीतील विश्रांती ही परंपरागत साधने या दृष्टीने शास्त्रशुद्ध ठरतात.