कॉटन ग्रीनला खोली हलली, गावाला घर पडलं



परवा मोबाईलवर थंडीचा इशारा आला, म्हणून काल हरभऱ्याला हलकं पाणी दिलं. ओली जमीन लवकर गारठत नाही. पाणी देता देता दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची आठवण झाली. त्यांच्या वेळी असला निरोप कुठला!

आमचा तालुका पाटण. इकडची माणसं मुंबईला माथाडी कामाला जायची. दादा कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात हमाली करायचे. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी खोली हलली, फळीवरची भांडी पडली. "आरं, काय हललं रं?" म्हणत सगळे रस्त्यावर आले. लाईट गेलेली. कोयनेची वीज मुंबईला यायची, ती बंद पडली होती. पण भूकंप आपल्याच कोयनेला झालाय हे कुणाला ठाऊक? ते कळेपर्यंत दिवस वर आला. दादा मिळेल त्या गाडीनं निघाले. गावाला पोचले तेव्हा आमच्या आजीला भिंतीखालून काढलं होतं. ती गेली होती.

त्या भूकंपात १८० च्या आसपास माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तर हजारो गेली. तिथंही पहाटच, चारला थोडी मिनिटं कमी. गणपती बोळवून माणसं झोपलेली आणि भिंती दगड-मातीच्या.

भूकंप आधी कुणालाच सांगता येत नाही. पण झाल्यावर त्याच्या दोन लाटा निघतात. पहिली हलकी, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास पळते. दुसरी जोराची, पण साडेतीनच्या आसपास. पहिली ओळखली की दुसरी यायच्या आत मोबाईल वाजवता येतो. अँड्रॉइड फोनवर ही सोय आपल्याकडं २०२३ पासून आहे.

आता हिशेब करा. कोयना ते कॉटन ग्रीन सरळ रेषेत दोनशे किलोमीटर धरा. जोराची लाट तिथं पोचायला पाऊण मिनिटाच्या वर लागतं. आजची सोय तेव्हा असती तर दादांना अर्धा मिनिट मिळाला असता. आजीला? काहीच नाही. धरणाजवळच्या गावात दोन्ही लाटा जवळजवळ बरोबरच येतात. म्हणजे इशारा लांबच्याला वाचवतो, जवळच्याला घरच वाचवतं. भिंतीत कोपऱ्याला आडवे लांब दगड घालणं, वरून काँक्रीटचा पट्टा बांधणं, हाच आमच्यासाठी इशारा.

थंडीचं तसं नाही. ती दोन-चार दिवस आधी दिसते. हवामान खात्याची शेतकऱ्यांसाठीची बातमीपत्रं १९४५ पासूनची, आता तीच मोबाईलवर येतात. सपाटीवर किमान तापमान १० च्या खाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं की थंडीची लाट म्हणतात. मुंबईतसुद्धा २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ वर आला होता. निफाडकडचे द्राक्षवाले अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. वेळ मिळतो म्हणून पीक वाचतं.

तेव्हा मंडळी, फोनमध्ये भूकंपाची सूचना चालू आहे का ते आज बघा. "आज रात्री दोनला भूकंप होणार" असला मेसेज आला तर तो खोटा समजा, पुढं पाठवू नका. आणि घराच्या भिंतीला तडा असेल तर हंगामाची वाट न बघता बुजवून घ्या.

आमच्या नव्या घराला पट्टा आहे. तो दादांनी उभं राहून घालून घेतला.