डेटा फाइल कॉम्प्रेस करायची आहे? मग कोणती कमांड वापरायची?

काही जीबींची सीएसव्ही फाइल कुणाला पाठवायची असली, की सगळ्यात आधी तिची साइझ आडवी येते. टर्मिनलवर फाइल लहान करण्यासाठी जीझिप, बीझिप२, एक्सझेड, झेडस्टँडर्ड अशी बरीच टूल्स आहेत. यातलं सगळ्यात लहान फाइल कोण करतं, एवढंच बहुतेक जण बघतात. खरं तर ती फाइल किती वेळा आणि कुणाच्या कम्प्युटरवर उघडली जाणार, हे आधी बघायला हवं.

आर्च लिनक्सचंच उदाहरण घ्या. तिथली सॉफ्टवेअर पॅकेजेस आधी एक्सझेडने कॉम्प्रेस केली जायची. जानेवारी २०२० मध्ये झेडस्टँडर्डवर जात असल्याचं त्यांनी जाहीर केलं. सगळ्या पॅकेजेसचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, पण ती उघडण्याचा वेग मात्र सुमारे १,३०० टक्क्यांनी वाढला. पॅकेज तयार होतं एकदाच, उघडलं जातं असंख्य कम्प्युटर्सवर. त्यामुळे हा सौदा फायद्याचाच होता.

झेडस्टँडर्ड हे यान कोले यांनी फेसबुकमध्ये असताना तयार केलं, २०१६ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यात १ ते १९ अशा लेव्हल असतात, काहीच सांगितलं नाही तर ३ धरली जाते. लेव्हल वाढवली की कॉम्प्रेस व्हायला वेळ लागतो, पण उघडायचा वेग फारसा कमी होत नाही. रोजच्या कामाला हेच बरं.

अडचण एकच: समोरच्याकडे ते असेलच असं नाही. तिथे १९९२ पासून चालत आलेलं जीझिप कामी येतं. ते जवळपास सगळीकडे उघडतं. पायथनच्या पांडाजमध्ये तर जीझिप केलेली सीएसव्ही थेट वाचता येते.

एक्सझेड सहसा सगळ्यात लहान फाइल देतं, पण वेळ आणि मेमरी दोन्ही खातं. वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहणाऱ्या डेटासाठी ते ठीक. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये घुसवलेला बॅकडोर सापडला होता, त्या आवृत्त्या वापरू नयेत. बीझिप२ नव्या कामासाठी निवडायचं फारसं कारण उरलेलं नाही. विकिपीडियाचे डेटा डंप मात्र त्यात मिळतात, म्हणून ते माहीत असावं.

एक गोष्ट अनेकांना महागात पडते. जीझिप, बीझिप२ आणि एक्सझेड काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाकतात. ती ठेवायची असेल तर डॅश-के हा पर्याय द्यावा लागतो. झेडस्टँडर्ड मूळ फाइलला हात लावत नाही. मूळ फाइल स्वतः डिलीट करायच्या आधी डॅश-टी देऊन नवी फाइल नीट आहे का, हे तपासावं. हा पर्याय चारही टूल्समध्ये आहे.

आणि फाइल जेपीजी किंवा एमपी४ असेल तर या खटाटोपात पडूच नये. ती आधीच कॉम्प्रेस झालेली असते.