मोक्षपट आणि कथेचा फांसा

गेल्या पावसाळ्यांत, उत्तनच्या वाटेवरील आमच्या डोंगरी गांवीं, एका दुपारीं घरांतील मुलांनीं एक नवाच खेळ मांडला. पट नाहीं, सोंगट्या नाहींत. मध्यें वीस पैलूंचा एक फांसा आणि कागदाचे कांहीं तुकडे. एकानें गोष्ट सांगावयास आरंभ केला आणि बाकीचीं आपापलें पात्र घेऊन तींत शिरलीं. तासाभरानें माझ्या ध्यानांत आलें, कीं एक बोलघेवडा मुलगा त्या गोष्टीचा राजा झाला आहे आणि माझ्या पुतणीची नऊ वर्षांची मुलगी कागदावर फुलें काढीत बसली आहे. खेळांतून कथा घडवावयाची, तर ती कोणाच्या हातीं असावी? फांशाच्या, नियमाच्या, कीं बोलणाऱ्याच्या?

मराठी माणसाला या प्रश्नाची पहिली ओळख मोक्षपटावर होते. हा पट ज्ञानदेवांनीं रचला अशी आपली परंपरा सांगते. तिला समकालीन पुरावा नाहीं, आणि जे जुने पट आज पाहावयास मिळतात ते बहुधा अठराव्या शतकाच्या अलीकडचे आहेत. तेव्हां कर्तृत्वाचा वाद येथें बाजूस ठेवतों. पट कोठें ७२ घरांचा, जैनांकडे पुष्कळदां ८४ घरांचा. श्रद्धा, दान, ज्ञान यांच्या घरांतून शिड्या वर जातात; क्रोध, चोरी, अहंकार यांच्या घरीं साप तोंड वासून बसलेले; शेवटीं वैकुंठ अथवा मोक्ष. कवड्या पडतील तसें चालावयाचें. या रचनेचा गुण मोठा आहे. निरक्षर आजी आणि पांच वर्षांचा नातू येथें एकाच पातळीवर येतात, कोणाची जीभ किती चालते याला किंमत उरत नाहीं, आणि प्रत्येक डावांत एका जीवाची यात्रा आपोआप उभी राहते.

परंतु दोषही तितकाच मुळांतला आहे. दानाच्या घरीं पोंचलेल्यानें दान केलेलें नसतें. क्रोधाच्या सापानें गिळलेल्याला राग आलेलाच नसतो. जो पट कर्माचें फळ शिकवितो, त्यावर खेळणाऱ्याला कर्म करण्याची सोयच नाहीं! कवड्या म्हणजे पूर्वसंचित, असें यावर कोणी म्हणेल. उत्तर चतुर आहे. पण संचित मानलें तरी क्रियमाणासाठीं एखादें घर नको काय? १८९२ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडांत रूढ होऊं लागला, तेव्हां आरंभीं सद्गुण-दुर्गुणांचीं चित्रें त्यावर होतीं; पुढें तीं गळालीं आणि निव्वळ साप-शिडी उरली. कथा इतक्या सहज गळून पडली, याचें कारण मला हेंच दिसतें, कीं खेळाच्या नियमाला तिची गरज कधीं नव्हतीच.

नियम जेथें अपुरा पडतो तेथें काय होतें, हें सभापर्वांत पाहावें. फांसे शकुनीचे, पण हार-जितीचे संकेत साऱ्या सभेला मान्य. अशा वेळीं द्रौपदीचा प्रश्न येतो: स्वतःला आधींच हरलेल्या युधिष्ठिराला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? द्यूताच्या नियमांत याला उत्तर नव्हतें. विकर्ण बोलला, पण त्याचें कोणी ऐकलें नाहीं. भीष्मांनीं धर्माच्या सूक्ष्मतेपुढें हात टेकले. पंच गप्प बसला कीं बलवानाचेंच चालतें.

हाच झगडा पुढें प्रशियाच्या सैन्यांत झाला. १८२४ सालीं धाकट्या राइसविट्झनें युद्धखेळाचे नियम छापले. त्यांत नकाशा, फांसे आणि हानीचे तक्ते होते. १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वानें तक्ते बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर भर दिला. खेळाला वेग आला. परंतु खेळ पंचाइतकाच शहाणा राहिला. या युद्धखेळांच्या घराण्यांतूनच १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. त्यांत सेनेच्या जागीं एकेक वीर आला, आणि 'मी काय करतों' हें खेळणाराच सांगूं लागला. २०१० सालच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' या बेकर दांपत्याच्या खेळानें आणखी एक पाऊल टाकलें. दोन फांशांची बेरीज, पात्राचा गुणांक मिळवून, दहा किंवा अधिक झाली तर काम साधतें. सात ते नऊ आली तर साधतें, पण कांहीं किंमत देऊन. त्याखालीं गेली तर गोष्ट सांगणारा प्रसंग उलटवितो. ही मधली पायरी मला फार मोलाची वाटते. येथें कृति आधीं आणि फांसा मागून येतो. मोक्षपटाला जें साधलें नाहीं तें येथें साधतें, आणि अपयशानेंही कथा अडत नाहीं.

मात्र याची किंमत कोणीतरी देतोच. प्रत्येक सात-आठाला नवी अडचण योजतां योजतां सांगणारा थकतो. आणि कोणी केव्हां बोलावें याची ठराविक पाळी नसल्यामुळें वाचाळ मनुष्य मैदान मारतो. आमच्या कोंकणांतील दशावतारी नट लिखित संवादाविना रात्र रात्र रंगवितात हें खरें. पण त्यांच्या पाठीशीं ठाऊक असलेलें आख्यान आणि वर्षांची तालीम असते. तेंच एका पावसाळी दुपारीं शाळकरी पोरांकडून मागणें अंमळ अन्यायाचें आहे. म्हणून अनोळखी, लाजाळू किंवा लहानमोठीं माणसें एकत्र बसलीं असतां फांशाचा अंमल थोडा अधिक ठेवावा, आणि जुन्या मित्रांत तो सैल सोडावा, या मताचा मी झालों आहें.

दुसऱ्या दिवशीं मीं एक घरगुती नियम सुचविला: फांसा ज्याच्या हातीं, गोष्ट त्याच्या तोंडीं, मध्यें कोणी बोलावयाचें नाहीं. बोलघेवड्यानें कुरकुर केली. पोरीची पाळी आली. तिनें फांसा टाकला, तीन पडले. सगळीं हसलीं. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि कोणालाही मध्यें बोलतां येईना. मग म्हणाली, "आजोबा, माझी होडी बुडाली. पण मला पोहतां येतें."