काचेवरच्या पांढऱ्या डागांचा इतिहास

आपल्या काही गटांनी यंदा गाड्या धुऊन देण्याचं काम घेतलं आहे. शाळेची व्हॅन, दुधाचा टेम्पो, गावातल्या जीपगाड्या. काम चांगलं चाललंय, पण बैठकीत एक तक्रार सगळ्याच करतात. गाडी कितीही धुवा, काच वाळली की पांढरे ठिपके दिसतात. फडका मारून जात नाहीत. रात्री समोरून दिव्याचा उजेड पडला की सगळी काच धुरकट होते आणि ड्रायव्हरला रस्ता नीट दिसत नाही. ज्या व्हॅनमध्ये आपलीच मुलं बसतात तिची काच अशी असली, तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

डाग कसे घालवायचे ते मी शेवटी सांगणार आहे. पण आधी हा डाग येतो कुठून आणि काच घासायची विद्या माणसाला कशी मिळाली, ते ऐका. त्या इतिहासात आपल्यासारख्या बायकाही आहेत.

डाग मुळात पाण्याचा नसतो, पाण्यात विरघळलेल्या दगडाचा असतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना खडकातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. बोअरचं पाणी जितकं खोल, तितके क्षार बहुधा जास्त. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी खपली धरते. काचेवर तेच होतं. थेंबातलं पाणी उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे भांड्यातली खपली आणि काचेवरचा ठिपका या सख्ख्या बहिणीच.

आता काचेकडे वळू. काच म्हणजे वितळवलेली वाळू. त्यात सोडा आणि चुना घालतात. लहान बाटल्या, बांगड्या फार जुन्या काळापासून होत होत्या, पण मोठी सपाट काच करणं अवघड होतं. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीला वितळलेली काच टेबलावर ओतून मोठे तक्ते काढू लागले. ते तक्ते खडबडीत निघत. मग माणसं आधी वाळूनं घासत, नंतर आणखी बारीक पूड घेत आणि शेवटी लोखंडाच्या गंजासारख्या लाल पुडीनं चकाकी आणत. काच ओतण्यापेक्षा घासण्यातच जास्त कष्ट जात. हे काम इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन कंपनीनं वाचवलं. वितळलेल्या कथलावर काच तरंगवत पसरवायची पद्धत त्यांनी 1959 साली जाहीर केली. तरंगती काच दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत निघते. आजच्या गाड्यांच्या काचा याच पद्धतीच्या असतात.

आपल्याकडची गोष्ट तर बचत गटानं पाठ करावी अशी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी निधी उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. संध्याकाळी कंदिलाची काजळलेली काच राखेनं पुसून लख्ख करणं हे घरातल्या बाईचं किंवा पोरीचं काम असे. काच पुसण्याचा धडा आपल्या आज्यांनी तेव्हाच गिरवला होता. फक्त त्याला कुणी काम म्हटलं नाही.

गाडीची काच पुसण्यातही एका बाईचं नाव आहे. मेरी अँडरसन, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली. 1902 च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला ट्राममधून जात होती. बर्फाचा पाऊस पडत होता. समोरचं दिसेना म्हणून ट्रामवाल्याला थंडीत काच उघडी ठेवावी लागत होती. मेरीनं विचार केला, आत बसूनच काच पुसता आली तर? तिनं रबराची पट्टी असलेला एक हात तयार केला. आतून दांडा ओढला की तो काचेवरून फिरे. 10 नोव्हेंबर 1903 ला तिला त्याचं पेटंट मिळालं. 1905 साली तिनं कॅनडातल्या एका कंपनीला ते विकायला दाखवलं. कंपनीनं कळवलं, यात धंद्याच्या दृष्टीनं काही मोल दिसत नाही. 1920 साली पेटंटची मुदत संपली. नंतर गाडीगाडीला वायपर आला, पण मेरीला त्यातून काही मिळालं नाही. कल्पना तिची होती, पण कमाई दुसऱ्यांची झाली.

आता घासायच्या पुडीकडे येऊ. आज काचेवरचे जुने डाग काढायला सिरियम ऑक्साइड नावाची पांढरी-पिवळसर पूड वापरतात. सिरियमचा शोध 1803 साली लागला. त्याच्या दोन वर्षं आधी आकाशात सापडलेल्या सेरेस या लहान ग्रहावरून त्याला नाव दिलं आणि सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी. व्हिएन्नाच्या आउअर नावाच्या शास्त्रज्ञानं गॅसबत्तीचं मेंटल तयार केलं. त्यात थोरियमसोबत चिमूटभर सिरियम असे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेल्या बत्त्यांचा पांढरा उजेड आपल्या आईवडिलांनी पाहिलेला असेल. तो अशाच मेंटलचा.

मेंटलला लागणारं थोरियम आणि सिरियम मोनाझाइट नावाच्या वाळूत मिळतं. ही वाळू आपल्या देशात सापडली ती काथ्यामुळे. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातून काथ्या परदेशी जात असे. 1909 साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. माग काढत तो त्या किनाऱ्यावर पोहोचला. नारळाची सोडणं कुजवून, बडवून काथ्या वळण्याचं काम तिकडे मुख्यतः बायकांच्या हातचं. शोधात शोम्बर्गचं नाव राहिलं. काथ्या वळणारीचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पुढे ही वाळू परदेशी जात राहिली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली सरकारनं इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली आणि केरळात आळुवा इथे वाळूतली द्रव्यं वेगळी करण्याचा कारखाना उभारला.

काच घासायला सिरियम 1940 नंतर जोर धरू लागलं. लाल पुडीपेक्षा ते लवकर काम करतं, कारण ते नुसतं खरवडत नाही. पाण्याच्या साथीनं काचेच्या वरच्या थराशी त्याची रासायनिक क्रियाही होते. म्हणून त्याला ओलावा लागतोच.

एवढं कळलं की पद्धत सोपी वाटेल. डाग ताजा असेल तर तो चुन्याचा असतो आणि चुना आंबटाला विरघळतो. निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्यावर घेऊन काचेवर थोडा वेळ ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. पत्र्यावर आणि रबरावर ते ओघळू देऊ नका. संडास धुवायचं ॲसिड मात्र गाडीला कधीच नको. त्याच्या वाफेनं छाती भरते, रंग आणि चकचकीत पट्ट्या खराब होतात.

आंबटानंही डाग हलला नाही, तर तो जुना होऊन काचेला चिकटलेला किंवा काचेला खाल्लेला असतो. तिथे सिरियमची पूड पाण्यात कालवून मऊ नमद्यानं गोल गोल घासायची. काच सावलीत आणि ओली हवी. एका जागी घासत राहिलात तर काच तापून तडकू शकते. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर जास्त घासू नका, काच लहरली तर रस्ता वाकडा दिसतो. नख अडकेल असा ओरखडा या पुडीनं जात नाही, गिऱ्हाईकाला ते आधीच सांगा. पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधा. राख किंवा भांड्याची घासणी नकोच, बारीक चरे पडतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डाग पडूच न देणं. गाडी उन्हात धुऊ नका आणि काच स्वतःहून वाळायच्या आत कोरड्या सुती फडक्यानं पुसा. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर शेवटचा हात त्याचा द्या. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आणि एक. डाग काढणं हे धुण्यापेक्षा वेगळं काम आहे. त्याला वेळ लागतो, पूड लागते, हात लागतो. त्याचा दर वेगळा लावा आणि वहीत वेगळा लिहा. कोणत्या ताईनं ते काम केलं तेही नावानिशी लिहा. मेरीचं मोल कंपनीला दिसलं नाही, काथ्यावालीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आपली वही आपल्याच हातात आहे.